देवू टायरवाल्याचं राहिलेलं लग्न

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. केळव्यात कुणालाही विचारा. नारळ पाडणारा उशिरा आला तर मी झाडाखाली उभा राहून झाडालाच शिव्या घालतो. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी आमच्या वाडीच्या फाटकासमोर गाड्या लावून समुद्रावर जातात, तेव्हाचं तर विचारूच नका. माझी बायको जयवंती म्हणते, "तुमचं डोकं म्हणजे शेगडीवरचं दूध. कायम एक माणूस जवळ उभं हवं." असा मी, आणि माझी दोस्ती जमली कुणाशी, तर देवूशी. पंचावन्न वर्षांत ज्याला कुणी रागावलेलं पाहिलं नाही, त्या देवूशी.

सरावलीला, बोईसरच्या रस्त्यावर देवूचं टायरचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे, हवा भरायचा कॉम्प्रेसर, पंक्चर बघायची पाण्याची टाकी आणि दारात टायरांची चळत. तारापूरच्या कारखान्यांकडे जाणारे टँकर आणि ट्रेलर दिवसभर त्याच्या पुढ्यात उभे. ड्रायव्हर त्याच्याशी हिंदीत बोलतात आणि देवू त्यांना त्याच्या हिंदीत उत्तर देतो. ती हिंदी ऐकून हिंदीवाल्यांना हसू येतं आणि मराठीवाल्यांना काही कळत नाही. गिऱ्हाईक आलं की तो आधी पंक्चरच्या टाकीत हात बुडवणार, ओल्या हातानं केस चापून बसवणार, भांग नीट पाडणार, आणि मगच पान्याला हात घालणार. "भांग पाडल्याबिगर टायर ऐकत नाय, भाऊ," असं वर सांगणार.

टायर बघून तो माणूस ओळखतो. एकदा माझ्या गाडीच्या टायरवरून हात फिरवत म्हणाला, "तुमी ब्रेक लय रागात मारता, भाऊ. बघा, इथं कसं सपाट झालंय." मी म्हटलं, "गप, हवा भर." त्यानं हसत हवा भरली. जयवंती मात्र हे वाक्य आजतागायत विसरलेली नाही.

देवूचा पाडा चिल्हार फाट्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. बापाची पावसावरची एवढीशी जमीन. भात-नागली झाली की सगळं घर वीटभट्टीवर. देवू सोळा वर्षांचा असताना भट्टीवर विटांच्या ट्रकचं टायर फुटलं. ते बदलायला बोईसरहून एक केरळी उस्ताद आला. त्यानं टायर बदललं, हत्यारं गोळा केली आणि निघाला, तर हा त्याच्या मागोमाग चालत सुटला. मी एकदा विचारलं, "का रे गेलास?" तर म्हणाला, "विटा पाडल्या का गपचूप बसून राहायच्या. टायर कसं टणाटण उडतं! मला मजा वाटली." मजा वाटली म्हणून धंदा धरलेला माझ्या ओळखीचा हा एकच माणूस. पुढे उस्ताद म्हातारा होऊन गावी गेला आणि दुकान देवूचं झालं.

आता माझ्या गाडीचं सांगतो, कारण तिच्यामुळेच आमची दोस्ती. अकरा वर्षांपूर्वी लष्कराच्या बाद गाड्यांच्या लिलावातून मी एक ट्रक आणला. हिरवा, नाक पुढे काढलेला, चारही चाकांना जोर असलेला. मागेही एकेकच चाक. वाडीचं शेणखत, नारळ, झावळ्या, सगळं ती वाहते. केळव्याच्या वाळूत पाहुण्यांच्या गाड्या रुततात तेव्हा मीच ती नेऊन ओढून काढतो. शिव्या फुकट, ओढणंही फुकट. जयवंती तिला रणगाडा म्हणते. म्हणू दे. मी दर दिवाळीला तिला आधी तेल लावतो, मग स्वतःला. तिचा मूळचा पत्रा अजून जसाच्या तसा होता, आणि त्याला वेल्डिंग, करवत, ठोका काहीही लावू द्यायचं नाही, असा माझा दंडक होता.

गेल्या साली होळी झाल्यावर मी आणि जयवंती नारळाचं पोतं घेऊन देवूकडे गेलो. त्याच्या लेकीचं, सपनाचं लग्न ठरलं होतं. मुलगा रूपेश, त्यांच्याच पाड्याकडचा, बोईसरला कारखान्यात कामाला. चांगला हसरा पोरगा. आम्ही आनंदात गेलो, तर देवू दुकानामागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेला. केस विस्कटलेले. देवूचे केस विस्कटलेले! मी ओरडलो, "काय झालं रे? कोण आजारी आहे?"

त्याची बायको चिमी आतून पाणी घेऊन आली. "कोन आजारी नाय, भाऊ," ती म्हणाली. "सपनाचं लगीन लागायचं, तर आदी आमचं लागाया पायजे."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"ह्याचं नि माजं."

मी पाणी प्यायचा थांबलो. अकरा वर्षं या दोघांना ओळखतोय! मोठा मुलगा सुरतेला, त्याची दोन पोरं. "म्हणजे तुमचं लग्नच झालेलं नाही?" मी एवढ्या मोठ्यानं विचारलं की बाहेरच्या टँकरवाल्यानं मान वळवली.

चिमी पदर तोंडाला लावून हसायला लागली. जयवंतीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचं झालंय ना वेळेवर? मोठे दिवे लावलेत!"

मग चिमीनं मला समजावलं. त्यांच्यात दोघांचं जमलं आणि दोन्ही घरांनी हो म्हटलं की पोरगी नांदायला येते. विधीचं लग्न मागाहून, सवडीनं. पाड्याला जेवण घालायला घरात पुरेसं धान्य आलं की. ती सवड कुणाला दोन वर्षांनी मिळते, कुणाला वीस. कधी बाप-लेकाचं एकाच मांडवात उरकतात. त्यात लाजण्यासारखं कुणालाच काही वाटत नाही. देवू दरवर्षी म्हणायचा, "पुडच्या वरसाला." एका वर्षी पाऊस गेला, एका वर्षी मुलगा झाला, एका वर्षी दुकान हातात आलं. अशी तीस वर्षं गेली.

"मग आता उरका की," मी म्हटलं. "त्यात भांग मोडून बसण्यासारखं काय आहे?"

चिमीच बोलली. आणि ती बोलली तेव्हा हसत नव्हती.

चिमी चित्रं काढते. तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं, लाल मातीच्या भिंतीवर. तिच्या पाड्यात तिच्या हाताची भिंत कुठली, ते आंधळ्यालाही कळावं. पण लग्नाचा चौक, ज्यात देवीला बसवतात तो, तिनं आयुष्यात कधी काढला नव्हता. त्या चौकाला हात लावायचा मान विधीचं लग्न झालेल्या सवाशिणींचा. त्यांच्या पाड्यातल्या जुन्या बाया हे काटेकोर पाळतात. तीस वर्षं शेजारणींच्या लेकींची लग्नं झाली, आणि पाड्यात सगळ्यात चांगला हात जिचा, ती बाजूला बसून पीठ कालवून देत राहिली.

"दुसऱ्यांचं जाऊ द्या," चिमी म्हणाली. "माज्या सपनाचा चौक मलाच काडायचाय, भाऊ."

एवढंच होतं तर देवूशी लग्न लावून मोकळी झाली असती. पण तिचा दुसरा हट्ट होता. त्यांच्यात लग्न लावते ती धवलेरी. ती बाई गाते आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. चिमीची आई लहानपणीच गेली. तिला वाढवलं आत्यानं, लाडकीनं. आणि ही लाडकीआत्या त्या भागातली सगळ्यात जुनी धवलेरी. "तिच्या तोंडून लागंल तर लागंल," चिमी म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या गान्यानं मी नवरी व्हायची नाय. मंग सपनाचा चौक बाया काडतील. मी पीट कालवीन."

लाडकीआत्या ऐंशीच्या घरातली. राहते वरच्या पाड्यावर, डोंगराच्या टोकाशी, आणि दोन वर्षांपासून गुडघे गेलेले. वर जायला रस्ता नाही. एक कोरडा ओहोळ आहे, बैलाएवढाले धोंडे असलेला, त्यातूनच चढायचं. देवूनं जीप नेली होती, ती पहिल्याच वळणावर पोट घासून परत आली. मग तो डोली बांधून चार पोरं घेऊन गेला. म्हातारीनं डोलीकडे बघितलं आणि म्हणाली, "चौगांच्या खांद्यावर मी एकदाच जानार. आन् त्या दिशी मी गानार नाय."

पोरं रिकामी डोली घेऊन खाली आली.

"हात्तिच्या!" मी मांडीवर थाप मारली. "एवढंच ना? माझी गाडी आहे की! लष्कराची गाडी आहे ती, जीप नव्हे. उद्या आणतो म्हातारीला."

जयवंती म्हणाली, "आधी बघा, मग बोला." मी कुठला ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी देवूला शेजारी बसवून ओहोळात गाडी घातली. निम्मा चढ छान गेली. मग एका धोंड्यावर मागच्या आसाचा लोखंडी गोळा असा काही बसला की मागची दोन्ही चाकं हवेत गरागरा फिरायला लागली. मी गाडीला शिव्या घातल्या, धोंड्याला घातल्या, देवूला घातल्या. शेवटी वरच्या पाड्याची माणसं दोर घेऊन आली आणि त्यांनी गाडी मागे ओढली. वर झोपडीच्या ओट्यावर लाडकीआत्या बसलेली. तिथून ती ओरडून म्हणाली, "गाडी बसली काय रं? बसू दे! मी बी बसलीय!"

पाडा खो खो हसला. माझे कान तापले. आणि देवू? तो पोटावर सरपटत गाडीखाली शिरला होता. बाहेर आला तेव्हा तोंडाला माती, हाताची तीन बोटं पसरलेली. "तीन इंच, भाऊ. मागचा गोळा तीन इंच वर पायजे. ते मी मोट्या टायरनं देतो. टायर मावाया कमानीत पाटा घालून गाडी उचलतो." आणि तिथंच, खिशातल्या बाटलीचं पाणी हातावर घेऊन त्यानं भांग पाडला. तेव्हा मला धीर आला.

लग्नाला नऊ दिवस होते. देवूनं दुकानामागून चार टायर काढले. महामार्गाच्या कामावरच्या कुठल्याशा मोठ्या यंत्राचे, अर्धे झिजलेले, पण खाचा अजून बोटभर खोल. माझ्या टायरपेक्षा सहा इंच उंच. मला वाटलं सहाच्या सहा इंच गाडी वर जाईल. देवू म्हणाला, "भाऊ, टायरचा अर्दा भाग वर बी जातो ना? गाडीला अर्दंच मिळतं." पन्नास वर्षं गाडी चालवतोय, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तीन दिवस मी त्याचं काम बघत बसलो. टायर बसवणं म्हणजे चाक काढा आणि लावा, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा देवूकडे जावं. या जुन्या चाकांना कडेनं लोखंडी कडं असतं, टायर त्यानं धरलेलं. ते नीट बसलं नाही आणि हवा भरली तर तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. देवू कड्याला साखळीचे वेढे घालायचा, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, आणि हवा भरताना सगळ्यांना रस्त्यापलीकडे पिटाळायचा. मलाही! "तुमी माजे दोस्त हाय म्हनून आनखी लांब," म्हणायचा.

पुढची चाकं लावल्यावर त्यानं खडू घेतला. आतल्या पाट्यांना, मडगार्डच्या कडेला, जिथं जिथं टायर लागू शकेल तिथं खडू फासला आणि मला म्हणाला, "आता चाक पुरं वळवा. ह्या अंगाला. आता त्या अंगाला." उतरून बघतो तर काळ्या टायरवर पांढरी रेघ. तिथं लागत होतं. मग त्यानं चाकाचं वळणं थांबवणारा बोल्ट थोडा बाहेर काढला, म्हणजे चाक तेवढं वळणारच नाही. पुन्हा खडू, पुन्हा वळवा. चार वेळा. पाचव्या वेळी टायर कोरं निघालं. देवूनं गाडीच्या नाकावर प्रेमानं हात फिरवला.

मागे मात्र पंचाईत होती. टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम दोन बोटं उरत होती. "इथला पत्रा थोडा कापू, भाऊ," देवू म्हणाला. "चार बोटं जागा झाली का बिनघोर."

मी असा उसळलो की कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येईना. "माझ्या गाडीचा पत्रा? करवतीनं? अकरा वर्षं जपलाय मी तो! टायर घाल, पाटा घाल, माझी कवटी काढून घाल, पत्र्याला हात लावायचा नाही!"

"बरं," देवू म्हणाला. तो काय, सगळ्यालाच बरं म्हणतो. जरा विचार करून म्हणाला, "म्हातारीचं वजन किती? चाळीस किलो. तेवड्यानं गाडी दबत नाय." तरी खात्री हवी म्हणून त्यानं जयवंतीला हात जोडले. "वहिनी, जरा मागं बसता काय? आत्याच्या जागी?" जयवंती चढून बसली. देवूनं चाकाशी वाकून दोन बोटं घालून बघितली. "तेवडीच हाय! गाडीला कळलं बी नाय वहिनी बसल्या त्या." जयवंतीचं वजन किती ते मी इथं लिहिणार नाही, पण त्या दिवशी तिनं देवूला घरी बोलावून सुरणाची भाजी आणि तांदळाची भाकरी आग्रह करकरून वाढली.

लग्नाच्या दिवशी सकाळी निघालो. दोन लग्नं होती. त्या दिवशी देवू-चिमीचं, दुसऱ्या दिवशी सपना-रूपेशचं. नवरदेव माझ्या शेजारी बसलेला, हळद लागायच्या आधी म्हणून अजून कामाच्या शर्टात. "नवरदेवानं आज घरी बसायचं असतं," मी म्हटलं. "टायर माजे हाय ना, भाऊ," तो म्हणाला.

ओहोळात गाडी घातली, आणि काय सांगू तुम्हाला! ज्या धोंड्यानं माझी अब्रू घेतली होती त्याच्यावरून ती हत्तिणीच्या चालीनं गेली. खाली जरासुद्धा खरडलं नाही. मी मोठ्यानं ओरडलो, देवू ओरडला. सहासष्ट वर्षांचा मी आणि पंचावन्नचा तो, टाळ्या देत वर पोचलो.

लाडकीआत्या नवं लुगडं नेसून तयार होती. गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली, टायरवर काठी आपटली. मग म्हणाली, "चला." आम्ही दोघांनी तिला हात दिला, मागं जाड गोधडीवर बसवलं. मी दार लावायला वळलो, तर काय? अख्खा पाडा गाडीत चढत होता! बाया, बाप्ये, पोरं, कडेवरची पोरं, दोन कोंबड्या, एक बोकड. तारपा वाजवणारा टपावर. मी बत्तीसपर्यंत मोजलं आणि नाद सोडला. "अरे, हे काय? हे काय?" मी ओरडलो. एक म्हातारा म्हणाला, "धवलेरी निघाली का पाडा निगतो. ती एकटी कशी जाईल?" आणि चढला.

उतार सुरू झाला, तारपा सुरू झाला. पन्नास पावलं गेलो असू, मागून घर्रर्र आवाज. मग रबर जळल्याचा वास. मी ब्रेक मारला. हो, रागातच मारला. देवू उडी मारून मागे गेला आणि वाकून तसाच राहिला. मी जाऊन बघितलं. मडगार्ड टायरवर टेकलं होतं. पत्र्यानं टायरला बोटभर चर पाडला होता. अजून थोडं गेलो असतो तर टायर फाटलं असतं.

देवू उठला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "चूक माजी, भाऊ," तो म्हणाला. "आत्याचं वजन धरलं मी. पाड्याचं धरलं नाय. याच पाड्याचा जावई मी, आन् पाडाच विसरलो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली त्याच्या पाड्यावर चिमी हळद लावून वाट बघत होती.

"उतरा सगळे!" मी ओरडलो. "चालत चला!"

गोधडीवरून लाडकीआत्याचा आवाज आला. "वऱ्हाडात बसलेलं मानूस मदे उतरवायचं नाय. उतरवलं तर मी बी उतरते."

मग माझं दूध उतू गेलं. पाच मिनिटं मी त्या ओहोळात उभा राहून देवूला, पाड्याला, बोकडाला, लष्कराला, सगळ्यांना लाखोली वाहिली. आत्यानं शांतपणे विचारलं, "कोन वरडतोय ह्यो?"

"गाडीचा मालक, आत्या," देवू म्हणाला.

"वरडू दे. वरडून झालं का काम करंल. माजा बाप आसाच व्हता."

गाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. खरोखर मी काम करायची वाट बघत होते. आणि मला एकदम लख्ख कळलं की चूक देवूची नाहीच. त्यानं तेव्हाच सांगितलं होतं की चार बोटं जागा हवी. पत्रा माझा नडला होता. एका बाईनं तीस वर्षं ज्याच्यासाठी काढली, ते एका मडगार्डापायी अडलं होतं, आणि ते मडगार्ड मी दिवाळीला तेल लावून पुसत होतो. मला माझीच अशी लाज वाटली की काय सांगू.

"देवू, करवत दे."

"भाऊ, पत्रा..."

"गप बस. तू आज नवरदेव आहेस, हात काळे करू नकोस. करवत दे आणि बाजूला हो."

बाजूला कसला होतोय तो. मी चिरा पाडल्या, त्यानं घण घातला. दोन चिरा, आणि मधला पत्रा वर वळवायचा. एक बाजू, मग दुसरी. वर वऱ्हाड तसंच बसलेलं. तारपावाल्यानं आमच्या करवतीच्या लयीवर तारपा धरला. आम्ही दमलो की तो सावकाश, जोर केला की जोरात. बाया मागून हसत होत्या. पाऊण तासात माझ्या तळहाताला तीन फोड आले आणि अकरा वर्षं जपलेल्या पत्र्याचे दोन्हीकडे कान उभे राहिले. देवूनं बोटं घालून बघितली. चार बोटं. खाली पोचेपर्यंत टायर कुठंही लागलं नाही.

चिमी मांडवाच्या दारात उभी होती, हळदीनं पिवळीधमक. गाडी दिसल्यावर आधी चार पावलं धावली, मग आपण नवरी आहोत हे आठवून थांबली. लाडकीआत्याला आम्ही उतरवलं. तिनं चिमीच्या गालावरून हात फिरवला, स्वतःच्या बोटांना लागलेली हळद बघितली आणि म्हणाली, "लय टाइम केलास गं पोरी."

लग्न दुपारी सुरू झालं ते उन्हं कलेपर्यंत चाललं. आत्याचा आवाज चिरका, मधेच श्वास लागायचा, पण ती गायला लागली की पोरंसुद्धा गप्प. मला त्यातले सगळे शब्द कळले नाहीत. चिमीचं नाव कळलं, तिच्या आईचं नाव कळलं. चिमीच्या आईचं नाव आलं तेव्हा चिमी ढसाढसा रडली. सपना तिच्या मागे उभी राहून चिडवत होती, "आये, नवरीनं आसं रडायचं नसतं, फोटो खराब येतो!" आणि स्वतःही रडत होती. सुरतेचा मुलगा बापाच्या लग्नाचा व्हिडिओ काढत होता, त्याची पोरं आजीचा पदर ओढत होती. देवू सगळा वेळ जमिनीकडे बघत लाजत होता. जयवंती माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, लग्न असं लाजत करायचं असतं. तुम्ही भटजीशी भांडत होतात." खरंय. मुहूर्तावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपनाचा चौक होता. आतली भिंत लाल मातीनं सारवून तयार. चार-पाच जुन्या बाया बसलेल्या. चिमी सवयीनं कोपऱ्यात बसून पीठ कालवायला लागली. तीस वर्षांची सवय, ती एका रात्रीत जाते काय? तेव्हा त्यांतली सगळ्यात म्हातारी उठली, तिच्या हातातली वाटी काढून घेतली, स्वतः खाली बसली आणि पीठ कालवू लागली. चांगलं घोटून झाल्यावर वाटीत काडी ठेवून तिनं ती चिमीपुढे धरली.

चिमी भिंतीसमोर उभी राहिली. वरच्या कोपऱ्यातून तिनं रेघ ओढली ती एका दमात खालपर्यंत, सुतासारखी सरळ. बायांनी गाणं उचललं. मी दारातून बघत होतो आणि रडत होतो. रडलो म्हणून सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

बाहेर पंगत बसली होती, भाताचा वास सुटला होता, आणि मला सकाळपासून भूक लागलेली. देवू माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला कोपरानं ढोसलं. "चल, जेवून घेऊ. अजून दोन तास चालेल हे."

"तुमी जेवा, भाऊ," तो भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. "ती तीस वरसं थांबली. मी दोन तास थांबतो."

मग मी कुठं जेवायला जातोय! आम्ही दोघंही उपाशीपोटी तिथंच उभे राहिलो, चौक पुरा होईपर्यंत.